अठ्ठावीस मिलिमीटर

हडर्सफील्डच्या चॅपलमागच्या हॉलमध्ये
जुन्या मालाच्या टेबलावर मिळाले हे मला:
बुटांच्या खोक्यात शहाण्णव कोसॅक,
बिनरंगाचे, थंड,
धरले की बोटांना शिशाचा वास.
विकणाऱ्यानं नऊ पौंड कमी केले,
कारण तिघांना भाले नव्हते
आणि एका घोड्याला शेपूट.

तेव्हापासून रात्रपाळी नसली की
ओट्याशेजारी पोळपाट उलटा घालून
त्यावर एकेकाला उभा करतो,
चष्म्यावर चष्मा चढवून.
आधी काळा हात. मग विजारी.
केवढ्या त्या विजारी!
डब्यांवरची इंग्रजी नावं पाठ होत नाहीत,
म्हणून झाकणांवर पट्ट्या चिकटवल्यात:
डाळिंबी. आमसुली. मोरपंखी.
एकीवर नुसतंच, गंज.

डोकी मात्र ओळखीची निघाली.
तासलेली टाळू, मधोमध एकच बट
कानावरून ओघळलेली.
ही तर शेंडी, म्हटलं मी मोठ्यानं,
आणि बायकोनं आतून विचारलं,
कुणाला लावतोयस?

घोडे रविवारसाठी राखून ठेवले.
मामा पशुवैद्य होते, मिरजेला;
घोडा कधी नुसता तपकिरी नसतो, म्हणायचे.
तर हा कुमैत, हा अबलख,
हा पंचकल्याणी: चार पाय आणि कपाळ,
तीन केसांच्या ब्रशनं, श्वास धरून.
बिनशेपटीच्याला पायपुसण्यातला काथ्या.

चेहऱ्यांची बाटली वेगळी येते, तिच्यावर छापलंय: त्वचा.
आत डुकराच्या पिल्लाचा गुलाबी.
मी त्यात थोडं मातकट घातलं, मग थोडं आणखी.
नॉर्मन हिंचक्लिफ भिंगातून बघत राहिला.
'तुझी पोरं जरा भाजलीयत रे.'
'गवताळ मैदान,' मी म्हटलं, 'सावली नाही.'
तो हसला नाही. मग हसला.

नॉर्मनकडे पोलिश घोडदळ आहे, पंखवालं.
पाठीवर चौकट, चौकटीला पिसं,
पिसापिसावर त्यानं पांढरी रेघ ओढलीय.
दर गुरुवारी साडेसातला ते माझ्यावर चालून येतात.
मी गाड्यांना गाड्या बांधून कोट उभारतो,
मनात म्हणतो, शेंडी तुटो वा पारंबी,
आणि फासे पडतात: एक, एक, दोन.

चहा मिसेस हाव्रिल्यूक देतात,
हॉलच्या किल्ल्या त्यांच्याकडे.
एकदा ट्रे टेकवून टेबलावर वाकल्या, म्हणाल्या,
ह्यांच्यातलं कुणी बसत का नाही?
माझे वडील सदान्‌कदा बसलेले असायचे.
गिरणीत उभं राहून राहून गुडघे गेले होते.
घोड्यावर म्हणाल तर आयुष्यात चढले नाहीत,
पण क्लबात नाच असला की अशीच विजार,
आईनं पडद्याच्या कापडाची शिवलेली,
निळी, वर पिवळी फुलं.
पुढच्या खोलीला मग दोन वर्षं पडदा नव्हता.
सगळी गल्ली आम्हाला जेवताना बघायची.

तीन रात्री लागल्या त्या एका विजारीला.
निळा पाचदा फिसकटला.
फुलं टाचणीनं काढली,
जवळून फूल, हातभर लांबून धूळ.

पुढच्या गुरुवारी तो पहिल्याच फेरीत पडला.
नियम म्हणजे नियम;
उचलून कडेला आडवा ठेवला,
बाकीच्या पडलेल्यांत.
नॉर्मन टेप पसरून इंच मोजत होता.
मिसेस हाव्रिल्यूक कप गोळा करायला आल्या,
थबकल्या,
त्याला दोन बोटांत धरून दिव्याखाली नेलं.
बोलल्या काहीच नाहीत.
एका बशीतली बिस्किटं दुसरीत सारली,
रिकाम्या बशीच्या काठाला त्याला टेकवला
आणि बशी रेडिएटरवर ठेवली, उबेला.

'तो माणूस बाद आहे,' नॉर्मन म्हणाला.
'बाद आहेच,' मी म्हटलं. 'बसलाय.'

टेप सर्रकन आत गेली.
पाळी माझी होती.